टिचबटणाचा शेवटचा ठोका

३ फेब्रुवारी, सोमवार

पाकिटांचा खोका परत आला. अख्खा.

साखरबाईंनी पाठवला. साखरबाई हे नाव मी ठेवलंय. मोठ्या रस्त्यावर चामड्याच्या वस्तूंचं दुकान आहे, त्याच्या त्या मालकीण. इतकं हळू आणि इतकं गोड बोलतात की आपला अपमान झालाय हे माणसाला घरी पोचल्यावर कळतं. आज म्हणाल्या, "काम फार सुरेख आहे हो तुम्हा बहिणींचं, फक्त बटणं तेवढी लागत नाहीत." फक्त म्हणे. उद्या एखाद्याला म्हणतील, घर फार सुरेख आहे, फक्त दार तेवढं बंद होत नाही.

खोका घेऊन तडक ताईच्या खोलीवर गेले आणि एकेक पाकीट उघडून बघितलं. साखरबाईंचं खोटं नव्हतं, त्याचा तर जास्तच राग आला. काही टिचबटणांच्या टोप्या चेपून पार सपाट झालेल्या. काही बटणं इतकी सैल की बोटाने गरागरा फिरत होती. एक तर माझ्या हातातच निघून आलं.

शाळेच्या कचेरीतली नोकरी सोडून मी ताईबरोबर हा उद्योग मांडला तो काय यासाठी? बाबा गेल्यावर ताई त्यांच्या खोलीत एकटीच पट्ट्या-पिशव्यांच्या दुरुस्त्या करत बसायची. मीच म्हटलं, आपण नवी पाकिटं करू, मी कापते, शिवते, तू बटणं लाव. बटणं लावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. लहानपणापासून बाबांच्या ठोकायच्या दगडापाशी बसून शिकलेली ती. मग हे काय?

तिला तसं विचारलं. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली, मग म्हणाली, "हत्यारं जुनी झालीत ग."

असेल. उद्यापासून हत्यारांच्या मागे लागते.

५ फेब्रुवारी

हत्यारवाल्याशी कडाक्याचं भांडून आले. त्याचं म्हणणं, "बाई, ऐरण म्हणजे ऐरण. कुठलंही बटण ठेवा, बसतं." बसतं कसं? ऐरण म्हणजे लोखंडाची ही एवढीशी जाड चकती, तिच्यात खळगा असतो, त्यात बटणाची टोपी उपडी ठेवायची आणि वरून ठोकायचं. टोपीचा फुगवटा आणि खळगा एकमेकांना अगदी मिळते हवेत. खळगा उथळ असला की टोपी चेपते. मोठा असला की टोपी आत डुगडुगते आणि घाव तिरका बसतो. हे मला कळतं, जी बाई आयुष्यभर शाळेची हजेरीपत्रकं भरत होती तिला, आणि हत्यारं विकणाऱ्याला कळत नाही.

शेवटी वेगवेगळ्या मापाचे खळगे असलेली लांबट ऐरण आणली. नवी कांडीही आणली. टोपीच्या पोटात एक बारीक नळी असते, ती चामड्याच्या भोकातून वर येते, तिच्यावर वाटी ठेवायची आणि कांडीचं टोक नळीत टेकवून वर घाव घालायचा. नळीची कड गोल उलटून वाटीला धरून बसते. जुन्या कांडीचं टोक झिजून बोथट झालं होतं. गुन्हेगार सापडला असं मला वाटलं.

ताईने खळग्यांवरून बोट फिरवलं, "छान आहे" म्हणाली, आणि पुन्हा कामाला लागली. रेडिओ एवढ्या मोठ्याने लावला होता की खालच्या मजल्यावरचा शिंपी वर येऊन दार बडवून गेला. ही ढिम्म. शेवटी तिची बाजू घेऊन मलाच त्याच्याशी भांडावं लागलं. आमच्या घरात काय वाजावं हे हा ठरवणार का?

८ फेब्रुवारी

नवी ऐरण, नवी कांडी आणि तीच रड.

आज माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नळी लांब आहे. आमचं चामडं पातळ, त्यातून ती फार वर येते. मग ठोकल्यावर सरळ उलटायचं सोडून आडवी वाकते. कापायच्या टेबलापाशी उभी राहून मी ताईला सगळं नीट समजावून सांगितलं, आखूड नळीची बटणं आणते म्हटलं, आणि जी आहेत त्यांच्याखाली चामड्याची बारीक चकती घाल म्हटलं. ती पाठ करून बसली होती. मान वळवली नाही, हूं नाही की चूं नाही. भिंतीशी बोलले असते तर तिने निदान माझाच आवाज परत दिला असता.

वर माझी कात्री जागेवर नाही. या आठवड्यात कितव्यांदा तरी. शोध शोध शोधली, तर कपाटाच्या माथ्यावर. ताई माझ्यापेक्षा उंच, दुसरं कोण ठेवणार तिथे? मी जी काही ओरडले ती ओरडले. आणि ही हसतेय. म्हणे, "तडतडे, काय झालं तुला एवढं?"

तडतडी हे माझं लहानपणचं नाव. मला ते तेव्हाही आवडत नव्हतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आखूड नळीची बटणं आली. लोखंडी हातोडीने कांडीचं डोकं चेपतं म्हणून लाकडी मोगरीही आणली. चामड्याच्या तुकड्यावर ताईला माझ्यासमोर बटणं लावायला लावली. पहिलं सैल. दुसरं ठोकून ठोकून चपटं केलं. तिसरं चांगलं बसलं, चौथं पुन्हा सैल. हत्यार तेच, चामडं तेच, हात तोच.

बाबा काय सांगायचे, ते मला दुसऱ्या खोलीत अभ्यास करतानाही ऐकू यायचं आणि माझं पाठ झालं होतं. आधी धप, धप असा मऊ आवाज येतो. नळी पुरती उलटून वाटीला टेकली की आवाज बदलतो, टणक होतो. तिथेच थांबायचं. अलीकडे थांबलात तर सैल, एक ठोका जास्त घातलात तर टोपी गेली. "आवाज बदलला की हात थांबव," हे ते ताईला उठता-बसता सांगायचे.

मी नेमकी त्याचीच तिला आठवण करून दिली, चांगली ठणकावून. तर ती गर्रकन वळली. "मला शिकवू नकोस," म्हणाली. डोळ्यांत पाणी. मोगरी दगडावर ठेवून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

पाणी कसलं, राग तो. धाकट्या बहिणीने चूक दाखवलेली सहन होत नाही. मोठेपण मिरवायचं आणि बटण एक धड लावायचं नाही. मीही चपला घातल्या आणि निघून आले.

१७ फेब्रुवारी

आता डोकं शांत ठेवून ठरवलं. हँडप्रेस घ्यायचा. दांडा खाली ओढला की वरचा साचा खालच्या साच्यावर बसतो, दाब ठरलेला, ना ठोकायचं ना अंदाज घ्यायचा. दर वेळी सारखंच बटण.

ताईला दाखवायला म्हणून हत्यारवाल्याकडून उचलूनच आणला. जिन्यावरून वर चढवताना माझी कंबर धरली. आणि बाईसाहेबांनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी काही मी सवतच घेऊन आले.

"हे आलं की मग मी कशाला?" एवढंच म्हणाली.

अहंकार बघा. मी म्हटलं, "दांडा ओढायला माणूस लागतंच ना?" तर म्हणाली, "दांडा कोणीही ओढेल." मग ओढू दे ना कोणीही. पाकिटं परत येण्यापेक्षा ते बरं नाही का?

बरं, प्रेस बसवून बघते तर साचे दुसऱ्याच मापाचे. हत्यारवाल्याला फोन केला. तो म्हणतो, बदलून मागवावे लागतील, मार्च उजाडेल. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, वही जपून वापरायची आहे.

घरी येऊन ह्यांच्यापुढे सगळं ओकले. हे सगळं ऐकून घेतात आणि मग एकच वाक्य बोलतात, त्याची मला चीड आहे. आज म्हणाले, "तू बोलतेस तेव्हा ताई तुझ्या तोंडाकडेच का बघत असतात, याचा विचार केलास कधी?"

त्यात विचार काय करायचा? मी तोंडावर बोलते म्हणून.

२० फेब्रुवारी

साखरबाई स्वतः खोलीवर आल्या. मी चामडं आणायला गेले होते, जिन्यात भेटल्या. नव्या पाकिटांचा खोका महिनाअखेर हवाय. तोही असाच निघाला तर त्या आमच्याकडून माल घेणं बंद करणार. हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की मी आधी "आभारी आहे" म्हणून बसले. वर आल्यावर अर्थ डोक्यात शिरला.

दुसरं कोणी आमचा माल ठेवत नाही. त्यांनी हात वर केले की बाबांची खोली बंद करायची आणि मी पुन्हा नोकरीसाठी कोणाच्या तरी दारात उभं राहायचं. ताईने काय करायचं, मला माहीत नाही. तिने दुसरं काही केलेलंच नाही.

"बटण एक बोट खाली घ्या, म्हणजे पाकिटाची झडप ओढली जाणार नाही, असं ताईंना सांगून ठेवलंय," साखरबाई म्हणाल्या. "त्या हो म्हणाल्या."

चला, निदान त्यांना तरी हो म्हणाली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काय लिहू.

आज सकाळी बघितलं, तर एकाही पाकिटाचं बटण खाली घेतलेलं नाही. सगळी जुन्याच जागी, आणि त्यातली निम्मी चेपलेली, निम्मी डुगडुगती. महिना संपत आलेला. माझी शिलाई, इतक्या दिवसांची, सगळी तिच्या दगडापाशी येऊन मातीत.

ती पाठमोरी बसून पुढचं बटण ठोकत होती, तोंडाने काहीतरी गुणगुणत. मी दारातच उभी राहिले. मला ओरडायचं होतं आणि आवाजच फुटेना. राग एका हद्दीपलीकडे गेला की माझा आवाज बसतो, हे मला आजच कळलं. मी हळू आवाजात, अगदी हळू, तिच्या पाठीमागे उभं राहून म्हटलं, "तुझ्याबरोबर काम करून माझं वाटोळं झालं. हा खोका झाला की मी येणार नाही. तू आणि तुझी खोली."

असं मी तिला जन्मात कधी बोलले नाही. बोलले आणि वाट बघत राहिले, आता वळेल, आता रडेल, आता मोगरी आपटेल.

तिचं गुणगुणणं चालूच. बटण उचलून तिने उजेडात धरलं, बोटाने फिरवून बघितलं, फिरलं, तशी हळहळली. मग दुसरं घ्यायला वळली तेव्हा मी दिसले. आणि तिचा चेहरा एकदम फुलला.

"कधी आलीस ग? चहा ठेवू?"

मी चहा प्यायले.

२६ फेब्रुवारी

खोलीवर गेले नाही. दिवसभर घरात भांडी आपटत होते. ह्यांना म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं." हे म्हणाले, "वाटत होतं." म्हटलं, "मग सरळ सांगायला काय झालं होतं? तोंडाकडे बघतात काय, विचार कर काय, कोडी घालत बसता?" ह्यांनी मान खाली घातली.

पण खरा राग तिचा आलाय. बहीण आहे मी तिची. खालच्या शिंप्याशी मी तिच्या रेडिओसाठी भांडले. शेजारपाजारी, हत्यारवाला, साखरबाई, कोणाकोणाला मी तिच्यासाठी शिंगावर घेतलं, आणि हिने मला एवढं सांगू नये?

२७ फेब्रुवारी

गेले. तिच्यासमोर स्टूल ओढून बसले, गुडघ्याला गुडघा लावून, आणि विचारलं, "कधीपासून ऐकू येत नाही तुला?"

ती आधी बटणांची डबी झाकायला लागली. मी डबी बाजूला केली.

"बाबा होते तेव्हाच सुरू झालं होतं," ती म्हणाली. "आता बरंच गेलंय."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. कानात घालायचं यंत्र दिलंय. ड्रॉवरमध्ये आहे. ते घालून ठोकायला बसले की एकेक घाव डोक्यात बसतो. आणि तो आवाज काही कळत नाही, शेवटचा. सगळेच ठोके सारखे वाटतात."

"मग अंदाजाने मारत होतीस?"

"मोजून. पण चामडं दर वेळी सारखं नसतं ना."

मी म्हटलं, हँडप्रेसला कान लागत नाहीत, तो आणला तर तुझं तोंड का वाकडं झालं? तर म्हणे, "तुला वाटलं असतं, दांडाच ओढायचा तर हिला कशाला सांभाळा. आणि आधी सांगितलं असतं तर तू शाळेतली नोकरी सोडून आली असतीस का?"

त्याचं उत्तर मलाच माहीत नव्हतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. उठले आणि भडाभडा बोलले. तू मला परकी समजलीस, म्हटलं. रोज घसा कोरडा करत होते मी, भिंतीशी बोलतेय असं वाटत होतं मला. दिवसचे दिवस मी तुझ्यावर चिडत राहिले आणि तू मला चिडू दिलंस. एवढी ओरडले की खालून शिंप्याने काठीने छत ठोकलं.

ताई शांतपणे ऐकत होती. माझ्या तोंडाकडे बघतही नव्हती, खिडकीबाहेर बघत होती.

"तू चिडलीस की मला सगळं ऐकू येतं," ती म्हणाली. "बाकीचे सगळे हळू बोलतात ग. तुझे हे तर ओठसुद्धा हलवत नाहीत. दिवसभरात माझ्या कानावर धड पडतं ते तुझं ओरडणंच."

मी स्टुलावर बसले. नंतर बराच वेळ आम्ही दोघी जुनी बटणं उखडत बसलो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रेसचे साचे अजून आलेले नाहीत, त्या हत्यारवाल्याचं तळपट होवो. म्हणजे हातानेच करायचं. ठोकायला मीही बसून बघितलं. मला आवाज कळतो पण कांडी सरळ राहत नाही, तीन टोप्या वाया घालवल्या. ताईने हातातून मोगरी काढून घेतली.

मग असं ठरलं. ती दगडापाशी, मी समोर. ती कांडी धरून मारणार, मी ऐकणार. धप, धप, आणि आवाज टणक झाला की मी ओरडणार, "बस."

पहिल्यांदा मी जरा बेतानेच म्हटलं. तिने आणखी एक ठोका घातला आणि टोपी चेपली. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला बाबाच आठवले. "नीट ओरड की," म्हणाली. "रोज ओरडतेस तशी."

ओरडले. जीव खाऊन ओरडले. दुपारपर्यंत माझा घसा बसला, पण बटणं अशी बसली की ओढून बघितली तरी हलेनात, आणि पाकीट बंद करताना तो छोटा खट आवाज येत होता, जो माझ्या कानांनी ऐकला आणि तिने बोटाच्या टोकाने. एक बोट खालीही घेतली, साखरबाई म्हणाल्या होत्या तशी, आणि जुन्या भोकांवर मी चामड्याची पट्टी शिवली. शिंपी वर आला होता, दारातून आमच्याकडे बघून तसाच खाली गेला.

खोका संध्याकाळी मी स्वतः पोचवला.

३ मार्च, सोमवार

माल ठेवला. साखरबाईंनी माझ्यासमोर प्रत्येक बटण उघडून, लावून बघितलं आणि पुढचं काम दिलं. मी त्यांना तोंडावर सांगून टाकलं, की ताईला काही सांगायचं असेल तर समोर उभं राहून चांगलं खणखणीत सांगायचं, पुटपुटायचं नाही. त्या म्हणाल्या, "अहो, मला मोठ्याने बोलायची सवय नाही." म्हटलं, लावून घ्या.

प्रेसचे साचे येतील तेव्हा येतील. ताई म्हणते, आले की जाड पट्ट्यांसाठी तो वापरू आणि दांडा तीच ओढणार. पाकिटं मात्र हातानेच. मी म्हटलं, बघू. उद्या ती कानाचं यंत्र घालून माझ्याबरोबर पुन्हा डॉक्टरकडे येणार आहे. नाही म्हणाली होती. मी आवाज चढवला, तेव्हा ऐकलं.

गेल्या मंगळवारी तिच्या पाठीमागे उभी राहून मी जे बोलले ते तिला सांगितलेलं नाही. हळू बोलले होते, हळूच राहू दे.

नव्या कामासाठी चामडं पसरलं, आखणी केली आणि बघते तर कात्री जागेवर नाही. सगळी खोली पालथी घातली. शेवटी स्टुलावर चढले, तर कपाटाच्या माथ्यावर. हे कळल्यावरही, एवढं सगळं झाल्यावरही, या बाईला एक कात्री जागेवर ठेवता येत नाही. मी तिथूनच जी सुरुवात केली ती थांबले नाही, नोकरीपासून कात्रीपर्यंत सगळं काढलं.

ताई हातातलं काम खाली ठेवून भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून, आणि ऐकत होती.